उजव्या हाताची पट्टी

पट्टी बांधायला वोलसुनला कुणाची मदत लागत नसे. एक टोक दातांत धरायचं, डाव्या हातानं तळव्याभोवती तीन वेढे, अंगठ्याखालून एक, मनगटावर दोन, आणि गाठ आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी. चांगला पन्नास वर्षांचा सराव होता. थोरल्याचं नाव शाळेत घालायला गेली तेव्हा पहिल्यांदा बांधली, मग वॉर्ड ऑफिसात, पोस्टात, नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी. "हात भाजलाय हो, तेवढं तुम्हीच लिहा ना," म्हटलं की खिडकीतला कारकून सुस्कारा टाकायचा आणि लिहायचा. इतक्या वर्षांत तिचा हात किती वेळा भाजला, याची कुणी नोंद ठेवली असती तर आगीचा बंबच दारात आणून उभा केला असता.

आज मात्र पट्टी घरच्यांसाठी होती, आणि ते तिला जड जात होतं.

चुसोकची, पितरांच्या कोरियन सणाची, सकाळ. खाली पितरांच्या ताटाची तयारी चालली होती. तिळाच्या तेलाचा वास जिना चढून वर आला होता. नवरा गेल्यावर चपलांचा कारखाना बंद झाला, मशीन गेली, पण सोल्युशनचा वास भिंतींत मुरलेला होता. सणाच्या दिवशी तेवढं तिळाचं तेल त्याला पुरून उरायचं. "जेवणं झाली की तो कागद उरकून टाकू," असं तिचा मुलगा सुंगिल काल बहिणीला म्हणाला होता. वोलसुनचे डोळे अधू असतील, कान शाबूत होते. कागद म्हणजे नदीपलीकडच्या वृद्धाश्रमाचा अर्ज. त्यावर तिनं स्वतःच्या हातानं नाव लिहायचं होतं.

आणि वोलसुनला नाव लिहिता येत नव्हतं. ना जपानी, ना कोरियन. वय वर्षं सत्त्याहत्तर, त्यातली सदुसष्ट ओसाकात, आणि एक अक्षर येत नव्हतं. तिच्या पोटच्या दोन पोरांना हे ठाऊक नव्हतं. नवऱ्याला होतं, तो बरोबर घेऊन गेला. धाकट्या भावाला होतं, तो मास्तर झाला आणि गप्प राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

खरं दुखणं तर पुढेच होतं. तिला आता स्वतःचीच खात्री उरली नव्हती. गेल्या अडीच-तीन आठवड्यांत काहीतरी बिघडलं होतं. हातपाय थरथरायचे, घामानं अंग भिजायचं, समोरचा माणूस कोण ते दोन-दोन मिनिटं कळायचं नाही. एकदा बाजारात लोणच्याच्या दुकानासमोर ती मटकन खाली बसली. एकदा सहा वर्षांपूर्वी मेलेल्या नवऱ्याला तिनं जेवायला हाक मारली, आणि नेमकी त्याच दिवशी मुलगी सुनमी कोबेहून आली होती. सुनमीनं उचललं आणि दवाखान्यात नेलं, डोकं तपासायला.

डॉक्टर तरुण, गोड बोलणारा. कुठलं साल चालू आहे, त्यानं विचारलं. "मेंढीचं," वोलसुन म्हणाली. जुन्या पंचांगात वर्षांना बारा जनावरांची नावं असतात, आणि ते बरोबरच होतं. तो आकड्याची वाट बघत राहिला. मग एक कागद पुढे धरून म्हणाला, "आजी, यावर लिहिलंय ते वाचा आणि तसं करा." चष्मा विसरले, ती म्हणाली. तर त्या भल्या माणसानं खणातून चष्मा काढून दिला! चष्म्यातून तीच अक्षरं मोठी दिसली, एवढाच फरक. मग एक वाक्य लिहा म्हणाला. तिनं पट्टीचा हात वर केला. तीसपैकी तेरा गुण पडले. "नुसतं 'डोळे मिटा' असं लिहिलं होतं गं, ओमोनी," म्हणत सुनमी टॅक्सीत रडली. त्यांच्यात आईला ओमोनीच म्हणतात. एवढ्यासाठी आपण डोळे फाडून बघत बसलो होतो, हे वोलसुनच्या मनात आलं, पण सांगणार कुणाला?

कठडा धरत ती जिना उतरली. स्वयंपाकघरात नणंद-भावजयीची जुंपली होती.

"मी दोष देत नाही हं, वहिनी," सुनमी म्हणत होती. "पण पुरे दोन महिने तू इथे नव्हतीस. परवा आल्यावर तरी ओमोनीची अवस्था बघितलीस ना?"

"माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, सुनमी," हीसुक तव्यावरचे भोपळ्याचे काप उलटत म्हणाली. "मी काही हवा खायला हिरोशिमाला गेले नव्हते."

"तेच म्हणते मी. उद्या परत जावं लागलं तर? दादा सकाळी सातला कामावर जातो. ओमोनी एकटी. तिथे आश्रमात नर्स असतात, डॉक्टर असतो—"

"आणि लसूण नसतो," वोलसुन दारातून म्हणाली. "नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडलेला मुळा देतात. पलीकडच्या गल्लीतली कांगसाहेबांची आई तीन महिन्यांत वाळून कोळ झाली तिथे."

दोघी दचकल्या. सुनमीची नजर पट्टीवर गेली. "हे काय केलंस आता?"

"तेल उडालं."

"तू तर आज चुलीजवळ आलीच नाहीस!"

"काल उडालं."

हीसुकनंही पट्टीकडे बघितलं, मग सासूच्या तोंडाकडे, आणि परत तव्याकडे. ती काही बोलली नाही. ही नवलाची गोष्ट होती, कारण हीसुक न बोलणारी बाई नव्हे. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं तोंड दिवसभर चालू असे, आणि बोलायला काही नसलं तर ती वाचायची, मोठ्यानं. दुधाच्या खोक्यावरची तारीख असो, पत्रपेटीतलं पत्रक असो, टीव्हीच्या तळाशी धावणारी अक्षरं असोत. 'शनिवारी पाणी बंद, सकाळी नऊ ते बारा.' 'वॉर्ड ऑफिसातून आलंय, वृद्धांची मोफत तपासणी.' तीस वर्षं वोलसुन तिच्यावर ओरडत आली होती, "डोक्यात वाच की! घर आहे का रेडिओ?" आणि तीस वर्षं हीसुकनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं.

"ओमोनी, बसा," ती आता एवढंच म्हणाली आणि तिनं चमचा उचलून सासूच्या डाव्या बाजूला ठेवला.

माजघरात सुंगिल पाटावर ताटं मांडत होता. चोपन्न वर्षांचा बाप्या, पण दरवर्षी माशाचं तोंड कुठल्या दिशेला ते विसरायचा.

"पूर्वेला रे," वोलसुन म्हणाली. "शेपूट पश्चिमेला. आणि लाल फळं तिकडे, पांढरी इकडे. केक मागच्या रांगेत ठेव, तुझ्या बापाला आवडायचा."

"हो, हो. ओमोनी, पणजोबांची तिथी पुढल्या महिन्यात ना? वही सापडत नाही मला."

"नवव्या महिन्याची चौथ. पणजीची अकराव्याची वीस. तुझ्या थोरल्या काकांची बाराव्याची सात, बोटीवर गेले ते. त्यांना भात दोन वाट्या ठेवायचा. वही कशाला हवी?"

सुंगिलनं मान डोलावली आणि तो मासा फिरवायला लागला. अकराच्या अकरा तिथ्या या घरात एकाच डोक्यात होत्या, आणि दुपारी त्याच डोक्याला नादुरुस्त ठरवून सही घ्यायची होती, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या मुलीच्या, रेनाच्या, मात्र आलं असावं. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली ती पोर हातात खजुरांची बशी घेऊन आजीकडे बघत उभी राहिली.

दारू ओतून झाली, नमस्कार झाले. सुंगिलनं पूजेला मांडलेला वडिलांच्या नावाचा कागद काढून रीतीप्रमाणे अंगणात जाळला. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. वोलसुनचा भाऊ दोग्यू आपल्या घरची पूजा उरकून आला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, पाठ ताठ, गालांवर रंग. सायकल उचलून त्यानं एका हातानं उंबऱ्याच्या आत घेतली.

"मामा बघ कसे आहेत," सुनमी भावाच्या कानात बोलली, पण वोलसुनला ऐकू आलं. "तीनच वर्षांनी लहान. ओमोनीनं आयुष्यात स्वतःकडे लक्षच दिलं नाही."

लक्ष! वोलसुनला हसू आलं. कोरियाहून येऊन बोटीतून उतरली तेव्हा ती दहा वर्षांची होती, भाऊ सात. मुलीला अक्षर शिकवलं तर सासरहून चिठ्ठ्या लिहून गाऱ्हाणी सांगेल, असं बापाचं म्हणणं. म्हणून दोग्यू शाळेत गेला आणि ती स्क्रूच्या कारखान्यात. तिथल्या मुकादमाला कोरियन पोरींची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा, तो सगळ्यांना "ए" म्हणायचा. दोग्यूची फी तिच्या बोटांतून जायची. पुढे लग्न झालं, आणि चाळीस वर्षं चपलांच्या तळव्यांना सोल्युशन लावत ती वाकून बसली. धूर छातीत गेला, वाक पाठीत. तो खुर्चीवर बसून मुलांना शिकवत होता. मग म्हातारपणी पाठ कुणाची ताठ राहणार? भावाचा तिला राग नव्हता. त्याची ताठ पाठ बघितली की तिला आपणच ती शिवून दिल्यासारखं वाटायचं.

जेवणं झाली. कुणाचंच जेवणाकडे लक्ष नव्हतं. हीसुकनं ताटं उचलली, सुंगिलनं पाट पुसला आणि लिफाफ्यातून कागद काढून आईसमोर ठेवला. तो तिच्याकडे न बघता बोलू लागला.

"ओमोनी, हे कायमचं नाही. थोडे दिवस राहून बघ. मला तरी कुठे बरं वाटतंय? पण परवा गॅस चालू राहिला होता. मी घरी नसताना काही झालं तर मी स्वतःला—" त्यानं कागदाची घडी सरळ केली.

"ताईला नकोय ते," दोग्यू म्हणाला.

"मामा, नको कुणालाच आहे," सुनमीचा आवाज चढला. "पण तुम्ही येता, सायकल लावता, दोन घास खाता आणि जाता. तिनं दादाला परवा ओळखलं नाही!"

"मी काही बोलू का?" हीसुक दारात उभी होती.

"वहिनी, तू राहू दे. तुझ्यावर सगळं पडतं म्हणूनच करतोय हे."

सून मागे सरली. सुनेला काय विचारायचं असतं? तीस वर्षं भांडी घासली म्हणून मत थोडंच देता येतं. वोलसुनला एरवी हे बरोबर वाटलं असतं. आज वाटलं नाही.

"सही तेवढी इथे," सुंगिलनं बोट ठेवलं.

वोलसुननं पट्टीचा हात उचलला. "हात हा असा. तूच लिही माझं नाव."

"तूच लिहायला हवं, ओमोनी. तसा नियम आहे."

"मग हात बरा झाल्यावर."

वाटलं होतं, चला, आठ दिवस तरी मिळाले. पण रेना उठून जवळ येऊन बसली. आजीला ती हालमोनी म्हणायची. "बघू हालमोनी. तेलाचं भाजलेलं आहे ना? असं घट्ट बांधलं तर पिकेल. मी नीट ड्रेसिंग करते."

"नको गं. राहू दे."

"दुखणार नाही. कॉलेजात सगळे म्हणतात, माझा हात हलका आहे."

हात हिसकावून घेता आला असता. पण या पोरीनं कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी नर्सची टोपी घालून फोटो आणून दाखवला होता, आणि त्या फोटोखाली काय छापलंय ते न वाचताही वोलसुनचा ऊर भरून आला होता. त्या बोटांना नाही म्हणणं तिला जमलं नाही. रेनानं गाठ शोधून काढली, वेढे उलटे सोडवले, पट्टी मांडीवर गुंडाळत ठेवली. शेवटचा वेढा सुटला.

हात कोरा करकरीत. म्हातारा, सांध्यांत वाकडा, नखांच्या कडांना सोल्युशनचे न जाणारे पिवळे डाग. जखम नव्हती.

बाहेर कुणाच्या तरी घरी मुलं सणाच्या कपड्यांवरून भांडत होती.

"बघितलंस, दादा?" सुनमी रडायलाच लागली. "नसलेली जखम बांधतेय ती. मामा, आता तरी पटलं?"

सुंगिलनं दोन्ही तळहात तोंडावर धरले. आणि वोलसुनला समोर एक सोपी वाट दिसली. काही बोलायचं नाही. वेडी म्हणतील. म्हणू देत. वेड हा आजार आहे, त्याची लाज नसते. लोक फळं घेऊन बघायला येतात. अडाणी आईला बघायला कोण फळं घेऊन येतं? या दोघांना तिनं 'अभ्यास करा, अभ्यास करा' म्हणत छडीनं फोडून काढलं होतं. नदीपलीकडे जाऊ, मुळा खाऊ, पण ही मूठ झाकलेली राहू दे.

"ती पट्टी मी बांधली," हीसुक एकदम म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"सांधे दुखत होते त्यांचे. मलम लावून मी बांधली. सकाळीच."

रेनानं आजीचा हात नाकाशी नेला. "आई, मलमाचा वास नाही."

"उडाला असेल वास."

"मग ती तेल उडालं का म्हणाली?" सुनमीनं विचारलं.

"तुम्ही काळजी कराल म्हणून." हीसुकचे कान लालेलाल झाले होते. तिला खोटं बोलता यायचं नाही. लग्नात सासऱ्यांनी कपात काय आहे म्हणून विचारलं तर तिनं 'पाणी घातलेली दारू' असं सांगून टाकलं होतं.

वोलसुन सुनेकडे बघत राहिली. आणि तिला एक जुनी दुपार आठवली. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. हीसुक चिठ्ठी ठेवून डॉक्टरकडे गेली होती, 'भात पातेल्यात आहे, जेवून घ्या'. वोलसुन चिठ्ठी हातात धरून संध्याकाळपर्यंत उपाशी बसली आणि सून आल्यावर तिच्यावर कडाडली, "सांगून जायची रीत नाही का तुझ्या माहेरी?" हीसुकनं तिच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं होतं, चांगलं क्षणभर. त्यानंतर या घरात तिनं कधी चिठ्ठी ठेवली नाही. आणि त्यानंतरच ते सुरू झालं होतं. दुधाची तारीख. पाणी बंद. हे औषध जेवणानंतर.

तीस वर्षं! आणि आपण तिला रेडिओ म्हणत होतो.

"रेनाची आई," वोलसुन हळूच म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"काय, ओमोनी?"

"तेच."

हीसुकनं मान खाली घातली. "रेडिओला काय माहीत असतं? तो आपला बोलतो."

जिनं तिची लाज तीस वर्षं तिच्याहून जास्त जपली, ती आता सगळ्यांसमोर खोटी ठरत होती, लाल कानांनी उभी. हे काही बरोबर नव्हतं. स्वतःसाठी तिनं तोंड उघडलं नसतं.

"खोटं बोलतेय ती," वोलसुन म्हणाली. "माझ्यासाठी. मला लिहिता येत नाही, सुंगिल. वाचताही येत नाही. एक अक्षर नाही. कधीच येत नव्हतं. कुठे लिहायची वेळ आली की मी हात बांधते. त्या डॉक्टरनं कागद दाखवला, तो मला वाचताच आला नाही. झालं. आता काय म्हणायचं ते म्हणा."

पहिल्यांदा दोग्यू बोलला, जमिनीकडे बघत. "माझ्या फीपायी. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना शिकवलं. ताईला 'बस, तुला शिकवतो' म्हणायचा मला धीर झाला नाही. म्हटलं तर तिला कमीपणा वाटेल. माझाच कमीपणा होता तो."

"गप रे," वोलसुन म्हणाली. "तू म्हणाला असतास तर मी तुला लाटण्यानं मारलं असतं."

सुनमी रडता रडता थांबली. "म्हणजे... ती वाघाची गोष्ट? चित्रांचं पुस्तक घेऊन तू रोज वाचायचीस ती? त्यात वाघ एक दिवस मरायचा, एक दिवस लग्न करायचा. मी शाळेत भांडले होते त्यावरून! बाईंना सांगितलं, तुमचं पुस्तक चुकीचं आहे म्हणून!"

"चित्रात वाघ होता एवढं खरं," वोलसुन म्हणाली. "बाकी माझं."

सुनमी हसली आणि तिला परत रडू फुटलं. सुंगिल मात्र आईच्या बोटांकडे बघत होता. तो म्हणाला, "बोटांचे ठसे."

जपानातल्या कोरियन लोकांना परदेशी म्हणून वॉर्ड ऑफिसात बोटाचा ठसा द्यावा लागायचा, त्या काळातली गोष्ट. सुंगिलनं ठसा द्यायला नकार दिला होता, मोर्च्यात पुढे होता, पोलीस दोनदा दारात येऊन गेले होते. आणि आई दर वेळी निमूट जाऊन बोट टेकवून यायची. 'एक बोट तर द्यायचं, त्यात काय एवढं,' म्हणायची. त्यानं तिला घाबरट म्हटलं होतं, सगळ्या गल्लीसमोर. पुढचं वर्षभर तो तिच्याशी धड बोलला नव्हता.

"ठसा सोपा होता रे," वोलसुन म्हणाली. "तिथे लिहायला लागायचं नाही."

सुंगिलनं तिचा हात, तो कोरा हात, दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकलं. पितरांपुढे वाकायचा तसा नाही. लहानपणी ताप आला की टेकवायचा तसा.

"हालमोनी," रेनाचा आवाज वेगळाच आला. "मग तू औषधं कशी ओळखतेस?"

"रंगावरून. सकाळी एक गुलाबी, साखरेच्या दुखण्याची. आणि पांढरी पोटाची, तिन्ही जेवणांनंतर. तुझी आई वाचते ना, मी लक्षात ठेवते. त्यात मी कधी चुकत नाही."

"आणि आई नसताना दुकानातून औषधं कुणी आणली?"

"मीच. दुकानदार नवा होता. काहीतरी बदललंय, कागदावर सगळं आहे, नीट वाचा, म्हणाला. मी मान डोलावली."

रेना उठली आणि खणातली औषधांची पिशवी घेऊन आली. तिनं कागद उलगडला, पाकिटं पाटावर ओतली. गुलाबी गोळ्यांची पाकिटं जवळजवळ भरलेली होती. पांढरी संपत आली होती.

"कंपनी बदललीय," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आता पांढरी साखरेची आहे आणि गुलाबी पोटाची. अठरा दिवस तू साखरेची गोळी तीन-तीन वेळा घेतेयस, हालमोनी. बाबा, तुमचं साखर मोजायचं यंत्र आणा. पटकन!"

सुंगिल धावला. रेनानं बोट टोचलं. यंत्रावर बावन्न आकडा आला. हीसुकनं गोड भाताच्या पेयाचा मोठा पेला आणून सासूच्या ओठांना लावला, आणि रेना दवाखान्याला फोन लावत बोलत राहिली, थांबेचना. "आज जेवून उठलीय तरी साखर नुसती बावन्न! म्हणून घाम, म्हणून माणसं ओळखू येत नव्हती. खिशात काळ्या साखरेचे खडे ठेवायची सवय नसती तर एखाद्या सकाळी उठलीच नसतीस. आणि ते तेरा गुण! शाळा न बघितलेल्या माणसाला ती परीक्षा तशीच्या तशी लावायची नसते, आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. किती शिकलात, असं कुणी विचारलंच नाही तुला?"

"विचारलं की," वोलसुन म्हणाली. "मी सहावी सांगितलं."

दोग्यू खो-खो हसला आणि डोळे पुसायला लागला.

त्याच दुपारी रेना आणि सुंगिल तिला टॅक्सीनं तातडीच्या विभागात घेऊन गेले. सलाईन लावलं, गोळी बंद केली, दर तासाला बोट टोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडलं. डोक्याची तपासणी महिन्याभरानं परत करू, म्हणाले. थोडं विसरणं असेलही, वयच आहे. कुणी खात्री दिली नाही, आणि वोलसुनलाही ती नको होती. सकाळी जाग आली तेव्हा समोरच्या खुर्चीवर पेंगणारा माणूस आपला मुलगा आहे हे तिला लगेच कळलं होतं. तेवढं तिला पुरेसं होतं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात दोघीच होत्या. सुनमी कोबेला गेली होती, जाताना "चित्रांचं ते पुस्तक मला हवंय," असं दोनदा बजावून. हीसुकनं तव्याचा चटका बसलेल्या बोटाला ती कालची पट्टी गुंडाळली होती. हा चटका मात्र खरा होता. ती नव्या गोळ्यांचा कागद हातात घेऊन उभी होती आणि ओठ मिटून वाचत होती.

वोलसुननं थोडा वेळ वाट बघितली. घर फार शांत वाटत होतं.

"काय गं, वाचा बसली का तुझी?"

"डोक्यात वाचतेय, ओमोनी. तुम्हीच म्हणता ना." हीसुकनं वर बघितलं नाही. आता सगळं उघड झाल्यावर मोठ्यानं वाचायचं म्हणजे काय, हे तिला सुचत नसावं.

"मोठ्यानं वाच," वोलसुन म्हणाली. मग आणखी हळू, "मला ऐकायचंय."

हीसुकनं घसा खाकरला. गोळी किती वाजता, जेवणाआधी की नंतर, चक्कर आली तर काय, सगळं तिनं वाचलं. वोलसुननं तिच्यामागून एकेक शब्द म्हटला. मग हीसुकनं पाटाखाली राहिलेला दुसरा एक कागद उचलला, आणि सवयीनं त्याचंही पहिलं वाक्य वाचून गेली. "अर्जदाराचं पूर्ण नाव, स्वतःच्या अक्षरात." ती थांबली.

"पुढे?"

"पुढे काही नाही. रिकामं आहे, ओमोनी."

"राहू दे रिकामं," वोलसुन म्हणाली. "आता दुधाचं बघ. तारीख काय आहे त्यावर?"